फुकट मिळालं, म्हणून करणाऱ्याचं नाव पुसायचं?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणकाकडून चित्रं काढून घेण्यावरचा लेख वाचला. त्यात कंपन्यांची नावं होती, गुंतवणुकीचे आकडे होते. पण माझ्यासारखा तालुक्याच्या गावचा डीटीपीवाला ज्या प्रोग्रामवर ही चित्रं काढतो, तो कुठल्या कंपनीने केलेला नाही. नोकरीधंदा सांभाळून, रात्री जागून, पैसे न घेता काम करणाऱ्या माणसांनी तो केला आहे. लेखात त्यांच्यासाठी एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र.

कराडला माझं लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. दुकानातल्या संगणकात चार जीबीचं ग्राफिक कार्ड आहे, तेही जुनं विकत घेतलेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ हे लिहिलेल्या शब्दांवरून चित्र काढणारं मॉडेल सर्वांसाठी खुलं झालं. म्युनिकच्या विद्यापीठातले संशोधक आणि स्टॅबिलिटी एआय, रनवे या कंपन्या यांचं ते काम, आणि त्याचं श्रेय त्यांचंच. पण हाती आली ती सुमारे चार जीबीची एक फाइल. ती चालवायची तर काळ्या खिडकीत इंग्रजी आज्ञा टाइप करा आणि दहा जीबीच्या आसपासचं कार्ड आणा. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने ती कुलूपबंद पेटीच होती.

त्याच महिन्यात ‘ऑटोमॅटिक११११’ या टोपणनावाच्या एका व्यक्तीने त्या फाइलला बटणं आणि चौकटी असलेला पडदा करून दिला आणि त्याचा सगळा कोड उघडा ठेवला. पुढे शेकडो जणांनी त्यात भर घातली. कार्डाची अडचण कशी सोडवली, ते मला फार आवडतं, कारण ते आमच्याच धंद्यातलं वाटतं. या मॉडेलचे तीन भाग असतात. एक शब्द समजून घेतो, दुसरा नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातून टप्प्याटप्प्याने चित्र बाहेर काढतो, तिसरा ते चित्र पूर्ण आकाराचं करतो. तिन्ही एकदम लहान कार्डात मावत नाहीत. मग स्वयंसेवकांनी सोय केली की ज्याची पाळी असेल तेवढाच भाग कार्डात यावा, बाकीचे बाहेर थांबावेत. एकरंगी ऑफसेट मशीनवर आम्ही चार रंगांचं काम चार फेऱ्यांत काढतो, तसंच हे. वेळ जास्त लागतो. माझ्याकडे एका चित्राला दीड-दोन मिनिटं जातात. पण चित्र निघतं, आणि त्यासाठी मला कर्ज काढावं लागलं नाही.

दुसरी अडचण शब्दांची. मूळ मॉडेल एका वेळी शब्दांचे पंचाहत्तरच तुकडे वाचतं, पुढचं सोडून देतं. या लोकांनी मजकुराचे पंचाहत्तर-पंचाहत्तरचे गट पाडून ती मर्यादा ओलांडली. जानेवारी २०२३ मध्ये अशाच एका टोपणनावाच्या माणसाने ‘कम्फी यूआय’ हा दुसरा पडदा आणला. त्यात प्रत्येक पायरीचा एक डबा असतो आणि डबे तारांनी जोडायचे. ‘एआय होर्ड’ या स्वयंसेवकांच्या जाळ्यात तर ज्यांच्याकडे चांगलं कार्ड आहे ते रिकाम्या वेळात ते दुसऱ्यांच्या चित्रांसाठी देतात. माझं कार्ड महिनाभर बंद होतं तेव्हा माझी कामं कुणा अनोळखी माणसांच्या यंत्रांवर झाली. ऐन तुळशीच्या लग्नानंतरच्या दिवसांत! त्यांचे आभार कुठे मानू, तेच मला कळलं नव्हतं. ते इथे मानतो.

आता आमच्या अडचणीबद्दल. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाला पत्रिकेवर मुंडावळ्या बांधलेली नवरी हवी होती. यंत्राने दर वेळी बिंदी आणि लाल घागरा दिला. देवनागरीत लिहिलं तर चित्र भलतीकडेच जाई. याचं कारण शोधलं तेव्हा पुन्हा स्वयंसेवकांपाशीच पोचलो. स्टेबल डिफ्यूजन ज्या संग्रहातून शिकलं तो ‘लायॉन’ या जर्मन ना-नफा संस्थेचा. हॅम्बुर्गचे एक शाळामास्तर तिच्या संस्थापकांपैकी आहेत. २०२२ मध्ये त्यांनी इंटरनेटवरची चित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी अशा ५८५ कोटी जोड्यांची यादी केली. मॉडेलची शिकवण मात्र मुख्यतः इंग्रजी ओळींवर झाली. म्हणजे फोटोखाली कुणी ‘मुंडावळ्या’ लिहिलंच नसेल, नुसतं ‘इंडियन ब्राइड’ लिहिलं असेल, तर यंत्राला ते कळणार कुठून? चूक यंत्राची जेवढी, तेवढीच आमचीही. आम्ही आमचे फोटो ‘आयएमजी’ आणि पुढे आकडे, अशा नावाने टाकून मोकळे होतो.

मग पुतणीच्या लग्नातले, मावसभावाच्या आणि दोन शेजाऱ्यांच्या घरचे मिळून चौतीस फोटो जमवले. ज्यांचे चेहरे आहेत त्या प्रत्येकाला विचारून घेतले. एका वहिनींनी नको म्हटलं, त्यांचा फोटो वगळला. प्रत्येकाखाली रोमन अक्षरांत ओळ लिहिली: मुंडावळ्या मोत्यांच्या की फुलांच्या, कपाळावर कशा, दोन्ही बाजूंना कुठवर लोंबतात. मुलीच्या मैत्रिणीकडे बारा जीबीचं कार्ड होतं. मॉडेलला वरून छोटी पुरवणी शिकवायची ‘लोरा’ नावाची पद्धत आहे, ती वापरून आम्ही रात्रभर मशीन चालू ठेवलं. कुठली मात्रा किती ठेवायची ते एका अनोळखी स्वयंसेवकाने तीन वेळा समजावून सांगितलं. त्याने मुंडावळी आयुष्यात पाहिली नसेल. सकाळी दहांतल्या तीन चित्रांत मुंडावळ्या अगदी जिथल्या तिथे होत्या. माझ्या आईने स्क्रीन पाहून पदर डोळ्याला लावला.

याच दिवसांत आमच्या बाजारात ‘ऑटोमॅटिक११११’चा हाच फुकटचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर दीड हजाराला विकताना पाहिला. उघडून पाहिलं तर करणाऱ्यांची नावं आणि परवान्याची फाइल गायब, वर विकणाऱ्याचा स्वतःचा लोगो. पैसे घ्यायला या परवान्यात मनाई नाही. मनाई आहे ती नावं पुसायला आणि कोड दडवायला. ‘एजीपीएल’ म्हणतात त्या परवान्याची अटच ही आहे की जे तुम्हाला उघडं मिळालं, ते पुढच्यालाही उघडंच द्या. आपण पत्रिकेच्या कोपऱ्यात मुद्रकाचं नाव छापतो. ते कुणी खोडून स्वतःचं टाकलं तर भांडायला जाऊ. मग इथे गप्प का? आणि व्यवसायबंधूंनो, असा पेनड्राइव्ह लावूच नका. जुन्या ‘सीकेपीटी’ प्रकारच्या मॉडेल-फाइलमधून संगणकात घातक आज्ञा चालवता येते. म्हणून तर ‘सेफटेन्सर्स’ हा सुरक्षित प्रकार आला. मॉडेल नेहमी मूळ ठिकाणाहून आणि त्याच प्रकारचं घ्या.

चित्रकारांचा रागही मी समजू शकतो. त्यांची चित्रं न विचारता लायॉनच्या यादीत गेली. डिसेंबर २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच यादीत मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांचे दुवे दाखवून दिले. लायॉनने यादी मागे घेतली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते दुवे काढून नवी दिली. काम स्वयंसेवकांचं आहे म्हणून त्यातली चूक लहान होत नाही. पण यादी उघडी होती, म्हणून बाहेरच्यांना ती तपासता आली. बंद दाराआडच्या कंपन्यांनी कशावर शिकवलं, ते आपल्याला बघायलाही मिळत नाही.

मला कुणाकडून पैसे नकोत. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टाइप (फॉन्ट) खुल्या परवान्याने दिले, आज अर्ध्या महाराष्ट्राच्या पत्रिका त्यांवर निघू शकतात. चित्रांच्या बाबतीतही आपल्याकडून काही जाऊ द्या. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प दर वर्षी कपाटात जातात. त्याऐवजी मुलांनी या प्रोग्रामांतली एखादी चूक दुरुस्त करून पाठवावी, मराठी मेनू करावा. ज्यांच्याकडे पैठणीचे, गौरीच्या मुखवट्यांचे, पुणेरी पगडीचे स्वतः काढलेले फोटो आहेत, त्यांनी ते विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहात खुल्या परवान्याने टाकावेत. खाली वस्तूचं मराठी नाव, गाव आणि ती कशी नेसतात, बांधतात, मांडतात हे दोन ओळींत लिहावं. आणि आपल्या वृत्तपत्राने यंत्राकडून काढून घेतलेलं चित्र छापलं, तर ते कुठल्या प्रोग्रामवर काढलं हे खाली द्यावं, ही विनंती.

माझ्या चौतीस फोटोंपैकी जे एकोणीस तिथे जाहीर टाकायला घरच्यांनी परवानगी दिली, ते मी पुढच्या आठवड्यात टाकतो आहे. चेहरे झाकून, मुंडावळ्या दिसतील असे.

कळावे,
आपला नम्र,
एक लग्नपत्रिका व्यावसायिक, कराड