मॉनिटर दिलेत, आता त्यांच्या मर्यादाही ठरवून द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

बालअतिदक्षता कक्षाची फीत कापताना भाषणात खाटांचे आणि मॉनिटरचे आकडे सांगितले जातात. त्यांतले किती मॉनिटर लहान मुलांच्या सेटिंगवर लावलेत, हे मात्र कोणी विचारत नाही. प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण मी अशाच कक्षात रात्रपाळ्या करते, आणि आमची किती धावपळ निव्वळ या सेटिंगपायी होते ते रोज बघते.

मोठ्या माणसांच्या मोडवर नाडीची वरची मर्यादा बहुधा मिनिटाला १२० असते, ती ओलांडली की अलार्म वाजतो. नवजात बाळाची नाडी १४० असली तरी ती अगदी जागेवर असते. यंत्राला ते कळत नाही, ते ठणाणा करत राहतं. बाळानं पाय झटकला की अंगठ्यावरचा प्रोब सरकतो, सॅच्युरेशनची म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची रेघ विस्कटते, पुन्हा ठणाणा. घामानं छातीवर चिकटवलेला इलेक्ट्रोड सुटतो, औषध सोडणारा सिरिंज पंप संपत येतो, व्हेंटिलेटरच्या नळीत पाणी साचतं. प्रत्येकाचा सूर वेगळा. शेजारची आई दचकून म्हणते, "सिस्टर, वाजतंय हो!" तिला "काही नाही, वायर निघालीय" असं सांगता सांगता आमचाच कान "काही नाही"ला सरावतो.

यालाच अलार्म फटीग, म्हणजे अलार्मचा थकवा म्हणतात. आपल्याकडे त्याची गणना हलगर्जीपणात होते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात कॅमेरे लावून हे तपासलं गेलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, अतिदक्षता कक्षातले ८७ टक्के अलार्म असे निघाले की त्यांवर काही करण्याची गरजच नव्हती. आधीच्या दोन तासांत असे फुकाचे अलार्म जितके जास्त, तितकी परिचारिका पुढच्या अलार्मला उशिरा पोहोचत होती. आमच्याकडे एका सिस्टरमागे किती मुलं असतात, ते आपल्याला ड्युटीचा तक्ता मागवला की कळेल.

उपायही फार खर्चाचा नाही. अमेरिकेतल्याच सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या कक्षात, वयानुसार मर्यादा लावल्या, इलेक्ट्रोड रोज बदलले, रोज प्रत्येक मुलाच्या मर्यादा पुन्हा तपासल्या आणि गरज संपली की मॉनिटर काढला. एका मुलामागे दिवसाला साधारण १८० अलार्म वाजायचे, ते ४० वर आले.

आपल्याकडे रोज नवा इलेक्ट्रोड म्हणजे चैन. प्रोब चिकटपट्टी लावून चालवायचा. मग उरतात दोन पळवाटा, आवाज बंद करणं नाहीतर मर्यादा सैल करणं. दुसरी जास्त वाईट. ऑक्सिजनवरच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं सॅच्युरेशन ९० ते ९५ टक्क्यांमध्ये राखायचं असतं. वरचा अलार्म "उगाच वाजतो" म्हणून कुणी १०० वर नेऊन ठेवला, तर जास्तीचा ऑक्सिजन बाळाच्या दृष्टिपटलाला बाधू शकतो. ते त्या रात्री कुणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा साहेब, खरेदीच्या निविदेतच अट घाला: वयानुसार मर्यादा कंपनीनं बसवतानाच लावून द्याव्यात आणि लाइट जाऊन आली तरी त्या पुसल्या जाऊ नयेत. प्रोब आणि इलेक्ट्रोड औषधांसारखे नियमित पुरवठ्यात घ्या. मर्यादा कोणी बदलायची, नोंद कुठे करायची, याचा लेखी आदेश काढा. आणि परिचारिकांची रिकामी पदं भरा. ही मागणी जुनीच आहे, तिच्यावर वेगळं काय लिहू?

शेवटची विनंती चौकशीबद्दल. बाळ दगावलं की कारणे दाखवा नोटीस ड्युटीवरच्या सिस्टरला निघते. त्याआधी मॉनिटरमधली नोंद काढायला लावा: त्या पाळीत अलार्म किती वेळा वाजला, मर्यादा काय होत्या, तिच्याकडे किती खाटा होत्या. चौकशी समितीत प्रत्यक्ष रात्रपाळी करणारी एक तरी परिचारिका असू द्या. एवढ्यासाठी फाइल अर्थ खात्याकडे पाठवावी लागणार नाही.

आपली विश्वासू,
बालअतिदक्षता कक्षातील एक परिचारिका