पैसे तालमींचे द्या, खोक्याचे नकोत

महोदय,

ग्रामोफोन रेकॉर्डना पुन्हा आलेल्या बहराविषयी आपल्या रविवार पुरवणीत लेख होता. जुन्या अल्बमच्या पन्नाशी-साठीचं निमित्त करून निघणारे, मोठ्या खोक्यातले जाडजूड ‘डिलक्स’ संच त्यात एका वाक्यात आटोपले होते. मी तबला शिकवतो. माझ्याकडची काही मुलं नोकरी लागल्यावर पहिली मोठी खरेदी म्हणून हेच संच घेताहेत, म्हणून हे पत्र.

बीटल्स या इंग्लिश बँडचंच घ्या. २०१७ मध्ये ‘सार्जंट पेपर’ या अल्बमला पन्नास वर्षं झाली आणि त्यांच्या संचांची रांग लागली. २०२२ मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ची पाळी आली. मूळ अल्बम ऑगस्ट १९६६ चा. एलपीच्या संचात चार मोठ्या रेकॉर्ड (म्हणजेच एलपी), एक छोटी आणि एक जाड पुस्तक. आपल्याकडे येईपर्यंत त्याची किंमत इतकी होते की तेवढ्यात शिसवी तबला आणि तांब्याचा डग्गा सहज यावा.

यातलं मोलाचं म्हणजे तालमी, म्हणजे गाणं पक्कं होण्याआधी मुद्रित केलेले प्रयत्न, ‘टेक’. ‘लव्ह यू टू’ या गाण्यात अनिल भागवत यांचा तबला आहे. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने त्यांना सोळा मात्रांत, रविशंकरांच्या ढंगाचं काही वाजवायला सुचवलं आणि बाकी मोकळीक दिली. एप्रिल १९६६ मधला पहिला टेक या संचात आहे. त्यात जॉर्ज नुसत्या गिटारवर गातो. तो ऐकावा आणि लगेच पक्कं गाणं लावावं. डग्ग्याची घुमक आली की तीच चाल जमिनीवर पाय रोवून उभी राहते. संगत म्हणजे काय, हे दाखवायला याहून चांगला धडा मला मिळालेला नाही. शिवाय भागवतांचं नाव १९६६ च्या मूळ कव्हरवर छापलेलं आहे. आपल्याकडच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या कितीतरी जुन्या रेकॉर्डवर साथीदाराचं नाव शोधूनही सापडत नाही.

पण तालीम ऐकायची ती मागे-पुढे करत, तुकड्या-तुकड्याने. उठाण (बोलांची उचल) कुठून घेतलं हे कळायला चार मात्रा मागे जावं लागतं, मग पुन्हा तेवढंच मागे. एलपीवर हे करत बसलात तर रेकॉर्डही जाईल आणि सुईही. तेच टेक सीडीच्या संचात आहेत, स्ट्रीमिंगवरही आहेत.

राहिला आवाजाचा प्रश्न. १९६६ मध्ये त्यांच्या स्टुडिओतल्या टेपवर चारच ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या वेगळ्या पट्ट्या, असत. ‘टॅक्समन’चे ड्रम, बास आणि गिटार एकाच ट्रॅकवर होते. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूने संगणकाच्या मदतीने ते सुटे केले आणि संगीत निर्माते जाइल्स मार्टिन यांनी ते पुन्हा एकत्र जुळवून नवं मिक्स बांधलं. काम थक्क करणारं आहे, पण ते डिजिटल आहे. त्यावरून कापलेली एलपी ‘अस्सल अ‍ॅनालॉग’ (मध्ये कुठेही डिजिटल नसलेली) म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर ऐकू नका. टेपवरून थेट कापलेली हवी असेल तर २०१४ च्या मोनो एलपी शोधा.

तालमी ऐकवायचं हे काम खोकं न करताही होतं. जानेवारी १९६८ मध्ये याच हॅरिसनने मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘द इनर लाइट’ या गाण्याच्या वाद्यमेळाचं ध्वनिमुद्रण केलं. हरिप्रसाद चौरसिया आणि सरोदवादक आशिष खाँ त्यात होते. त्याचा न वापरलेला टेक २०१४ मध्ये हॅरिसनच्याच ‘वंडरवॉल म्युझिक’ या अल्बमच्या साध्या, एकाच सीडीवर जोडून दिला गेला.

मुलांना मी हेच सांगतो: अल्बम जिवापाड आवडत असेल तर त्याची एकच एलपी घ्या, तालमी सीडीवर ऐका. आणि आपल्याकडची जुनी शास्त्रीय ध्वनिमुद्रणं पुन्हा एलपीवर काढणाऱ्या कंपन्यांना विनंती आहे. नुसतं जुनं कव्हर गुळगुळीत कागदावर छापू नका. तबल्यावर, पेटीवर, तानपुऱ्यावर कोण होतं, मैफल कुठली, साल कोणतं, हे आत छापा. त्यासाठी दोन-चारशे रुपये जास्त द्यायला आमच्यासारखे पुष्कळजण तयार आहेत.

– एक तबलाशिक्षक, डोंबिवली