विरंगुळा केंद्र पहिल्या मजल्यावर!

75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयोगटाला अर्धे तिकीट. सरकारचे आभार. पण एसटीची ती उंच पहिली पायरी चढायची कशी, हे गुडघे धरलेल्या माणसाला विचारा. आमच्या भागातले विरंगुळा केंद्रही पहिल्या मजल्यावर, लिफ्टविना! जो तिथवर चढतो, तो बागेत फेरफटकाही मारू शकतो. अडचण आहे ती घरात अडकलेल्यांची.

याबाबतीत टपाल खाते शहाणे निघाले. हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमनला घरी बोलावता येते. शेजारच्या आजींचा अंगठा भांडी घासून इतका गुळगुळीत झालाय की यंत्र तो ओळखेचना. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पुन्हा टेकवला, तेव्हा कुठे दाखला निघाला. पण बँकेचा जिना तरी टळला.

ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पेन्शन, कायदेशीर सल्ला, घरातला छळ, नुसता एकटेपणा, कशासाठीही सकाळी 8 ते रात्री 8 फोन करता येतो. आमच्या कट्ट्यावर मात्र हा नंबर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. जाहिरातफलकांवर नेत्यांच्या वाढदिवसांना जागा मिळते, मग रेशन दुकानात आणि औषधांच्या दुकानात हे पाच आकडे ठळक का लागू नयेत? आणि महापालिकेने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची प्रभागवार यादी करून महिन्यातून एकदा तरी कुणाला त्यांच्या दारी पाठवावे.

– एक ज्येष्ठ वाचक, सांगली