शिखराखालचे पाद्रीनिवास

महोदय,

लंडनमधील व्हिक्टोरियन काळातील चर्चवास्तूंविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडला. मात्र मार्गारेट स्ट्रीटवरील ‘ऑल सेंट्स’ चर्चचे २२७ फुटी शिखर आणि आतली रंगीत सजावट यांचे रसभरीत वर्णन करणाऱ्या लेखकाने त्याच अंगणातील पाद्रीनिवासाला एक ओळही दिली नाही, याचे नवल वाटले. १८५० मध्ये पायाभरणी झालेली ही वास्तू वास्तुकार विल्यम बटरफील्ड यांनी चर्च, पाद्रीनिवास आणि गायक मुलांची शाळा मिळून एकसंध योजली होती.

जागा जेमतेम शंभर फूट लांब-रुंद. त्यामुळे बटरफील्ड यांनी चर्च मागे सरकवून दोन्ही घरे रस्त्यालगत उंच चढवली आणि मध्ये एक चिमुकला चौक सोडला. रस्त्यावरून कमानीतून आत शिरले की तिन्ही वास्तू एकदम अंगावर येतात. लंडनमधील श्रीमंत घरे तेव्हा गिलाव्याआड विटा दडवत असत. येथे मात्र लाल विटांत काळ्या विटांचे पट्टे उघडपणे बसवले आहेत आणि चर्चच्या भिंतीवरचे हे पट्टे निवासाच्या भिंतींवरही दिसतात. काटकसरीपोटी वीट निवडली असे कोणी समजू नये; या विटा दगडाहून महाग पडल्या होत्या.

मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या निवासाच्या खिडक्या. दर्शनी भाग सममित दिसावा म्हणून त्या ओळीत बसवलेल्या नाहीत. आतल्या खोलीला जिथे आणि जेवढा उजेड हवा, तिथे तेवढी खिडकी, असा सरळ हिशेब आहे.

लेखात वास्तुकार फिलिप वेब यांच्या ‘रेड हाऊस’ या घराला या साध्या, प्रामाणिक वीटकामाचा आरंभ म्हटले आहे, ते पटत नाही. कलावंत आणि लेखक विल्यम मॉरिस यांच्यासाठी ते घर १८५९ मध्ये आखले गेले, आणि मार्गारेट स्ट्रीटवरील चर्चचा अभिषेक झाला तोही त्याच वर्षी. शिवाय बटरफील्ड यांनी ब्रिस्टलजवळच्या कोलपिट हीथ येथे दगडी पाद्रीनिवास बांधले ते १८४० च्या दशकात. आणि वेब ज्यांच्या हाताखाली घडले, ते वास्तुकार जॉर्ज एडमंड स्ट्रीटही गावोगावची पाद्रीनिवासे आणि शाळा आखत होते. मॉरिस यांच्या घराची वाट या पाद्रीनिवासांच्या अंगणांतूनच गेली आहे.

आपला नम्र,
एक वास्तुप्रेमी वाचक