‘सध्या काही नाही’ असाही एक चौकोन हवा

महोदय,

बंगळूरच्या एका कंपनीत मी सोळा वर्षे पगारपत्रके केली. नोकरी सोडणाऱ्यांचा शेवटचा हिशेब माझ्याच टेबलावरून जायचा. त्यांच्या फॉर्मात कारणाचे चौकोन असत: दुसरी नोकरी, पुढील शिक्षण, लग्न, आजारपण. गेल्या मे महिन्यात तो फॉर्म स्वतःसाठी भरायला बसले, तर यातले एकही कारण माझे नव्हते. ‘इतर’वर खूण केली. साहेबांनी दोनदा विचारले, कुठे चाललात? कुठेच नाही म्हटले, तर मी काहीतरी लपवतेय असाच त्यांचा समज झाला.

ग्रॅच्युइटी काढताना महिना २६ दिवसांचा धरतात, रविवार वगळून. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. माझ्या सोळा वर्षांचे झाले सव्वानऊ महिन्यांचे मूळ वेतन. महिनाअखेरीचे किती रविवार ऑफिसात गेले, ते या सूत्रात कुठे बसत नाहीत!

मग गोव्यात घरी परतले आणि फोंड्याच्या बँकेत पत्ता बदलायला गेले. व्यवसाय? कारकून म्हणाला, “गृहिणी घालूं?” लग्न झालेले नाही. “मग निवृत्त?” वय बेचाळीस. मागे रांग वाढत होती. शेवटी त्याने गृहिणीवरच टिचकी मारली.

मी हे करू शकते कारण घर वडिलोपार्जित आहे, डोक्यावर कर्ज नाही आणि दीड वर्ष पुरेल इतकी शिल्लक आहे. हे नसलेल्यांना असला सल्ला देण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. कंपनीचा आरोग्यविमा शेवटच्या दिवशीच संपला. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला गोव्यात पाच वर्षांचा रहिवास लागतो, तो माझ्याकडे नाही. स्वतःच्या विम्याचा हप्ता पाहिला तेव्हा, खरे सांगते, साहेबांना फोन करावासा वाटला होता.

एरवी चतुर्थीला मी रात्रीच्या बसने अनमोड घाट उतरून आदल्या दिवशी पोचायची, तेव्हा माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानफळाफुलांची चौकट, बांधून झालेली असे. यंदा काकांबरोबर तीन दिवस रानात हिंडले. माटोळीतली कवंडळे ही रानफळे कुठल्या कुंपणावर लागतात, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळले. सुपारीचा घोस बांधताना माझी गाठ दोनदा सुटली आणि घोस काकांच्या खांद्यावर आला. ते काही बोलले नाहीत. बोलली ती आरतीला आलेली माणसे: “कितें गो, रजेर? परत केन्ना?” माझेच जुने सहकारी वर्षातून दोनदा कळंगुटला ‘ब्रेक’ घ्यायला येतात, त्यांना शॅकवाला कधी विचारत नाही पुढे काय म्हणून.

बँकांनी पुढच्या वेळी फॉर्म छापताना ‘सध्या काही नाही’ असा एक चौकोन घालावा, एवढीच विनंती. तोवर त्यांच्या दप्तरी मी गृहिणी आहे. परवाच मोबाइलवर संदेश आला: गृहिणींसाठी खास सोनेतारण कर्ज.

— एक वाचक, म्हार्दोळ