32 घरांचा चौकोन

इंदूर

ती. काका, सा. नमस्कार.

एका ताऱ्याच्या नोंदीतलं आमचं कोडं तुम्ही सोडवलंत. फोनवर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितो आहोत.

मृगातल्या तेजोमेघातल्या त्या कोवळ्या ताऱ्याची क्ष-किरणांतली चमक दर 707 सेकंदांनी खाली जात होती. चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीची 40 हजार सेकंदांची नोंद आणि हाती जेमतेम 300 फोटॉन (प्रकाशाचे कण), म्हणजे एका फेरीला पाच-सहा. साध्या लाइट कर्वमध्ये, म्हणजे वेळेनुसार चमकेच्या आलेखात, काहीच कळत नाही. सगळ्या फेऱ्या एकावर एक रचल्या की खड्डा दिसतो. पण तारा बारा मिनिटांत स्वतःभोवती फिरेल कसा? सूर्याच्या दुप्पट त्रिज्या आणि निम्मं वस्तुमान धरलं, तर अकरा तासांहून कमी वेळात फिरणारा तारा फुटूनच जाईल. 2003 च्या जानेवारीत चंद्रानं सुमारे 13 दिवस मृगाच्या तेजोमेघावर नजर लावली होती. त्या नोंदींत ताऱ्यांचं फिरणं सापडलं, पण ते दिवसांच्या हिशोबातलं.

आधी ज्यांना विचारलं, त्यांच्यापैकी एकानं बिन, म्हणजे फोटॉन मोजायचे वेळेचे तुकडे, मोठे करा म्हटलं. म्हणजे खड्डा बुजवून टाका! दुसऱ्यांनी वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला आणायला लावल्या. अकरा तासांत त्यानं फार तर चार सेकंदांचा फरक पडतो. तिसऱ्यांनी फाइल न उघडताच ‘शोध आहे, पेपर लिहा’ असं कळवलं.

तुम्ही मात्र एवढंच विचारलंत, ‘आकाशातली जागा राहू द्या, चिपवर कुठे आहे?’ चिप म्हणजे दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातली फोटॉन टिपणारी पाटी. मग ग्राफपेपरचा फोटो पाठवलात. एक घर म्हणजे एक पिक्सेल. पेन्सिलीनं काढलेला 32 घरांचा चौकोन, कारण दुर्बीण मुद्दाम हलती ठेवतात आणि तारा चिपवर 16 विकलांच्या (आर्कसेकंदांच्या) पट्ट्यात फिरत राहतो. एका दिशेला 1,000 सेकंदांत, दुसरीला 707. चौकोनाच्या एका बाजूला लाल रेघ, चिपची कड. तारा रेघेपलीकडे गेला की फोटॉन पडायला जागाच नाही. कड एकाच बाजूला, म्हणून काळही एकच दिसला. कोपऱ्यात असता तर 1,000 चाही दिसला असता. चिपवरच्या खराब कॉलमवरून (पिक्सेलच्या बिघडलेल्या रांगेवरून) तारा गेला तरी हेच होतं, हे खाली बारीक अक्षरात लिहिलं होतंत.

आणि कुठेही ‘एवढंही माहीत नाही?’ नव्हतं. जाणकार पुष्कळ भेटतात हो, समोरच्याला लहान न करता सांगणारे विरळाच. रामबागेतल्या आमच्या पोरांनी तो फोटो छापून भिंतीवर लावलाय.

आता आधी डिदर-रीजन हा चंद्राच्या नोंदींसाठीचा प्रोग्रॅम चालवतो. दर क्षणी स्रोताचा किती भाग चिपवर होता त्याची फाइल निघते, ती जीएलवेरीला, म्हणजे चमकेतला बदल तपासणाऱ्या प्रोग्रॅमला, दिली की खोटी लय गळून पडते. मग चिपच्या मधोमध असलेला शेजारचा एखादा तारा आणि पार्श्वभूमी, दोन्ही त्याच वेळांसाठी काढून पाहतो. उसळी सगळीकडे एकदमच आली तर ती ताऱ्याची नव्हे.

त्याच चिपवरच्या दुसऱ्या ताऱ्याची ज्वाला (चमकेची अचानक उसळी) या चाळणीतून तरली. चढ झपाट्याचा, उतार रेंगाळणारा, आणि चढताना जास्त ऊर्जेचे फोटॉन वाढलेले. उताराच्या मध्यावर मात्र एक टेकाड आहे. दुसरी ज्वाला म्हणावी की थोड्या फोटॉनांचा खेळ, यावर आमच्यात एकमत नाही. आलेख सोबत जोडला आहे, सवडीनं बघून कळवा.

आपली,
रामबागेतली मंडळी