पकडलेल्या किलोंचा आकडा छापता, बाकीचेही छापा

महोदय,

26 जूनच्या अमली पदार्थ विरोधी दिनानंतर आपल्या अंकात दोन बातम्या शेजारी-शेजारी होत्या. एक शाळकरी मुलांच्या फेरीची: हातात कवट्या रंगवलेले फलक, पाहुण्यांचं भाषण, शेवटी शपथ. दुसरी शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, कापूस-तुरीच्या आड लावलेला गांजा उपटल्याची, किलो आणि बाजारभावासकट. दरवर्षी अशाच बातम्या येतात, आकडा तेवढा बदलतो. माझी तक्रार त्या आकड्याबद्दल आहे. किती माल पकडला, हे पोलिसांच्या कामाचं माप झालं. जळगाव, धुळे, नंदुरबारातली किती पोरं कशाच्या नादी लागली, त्यातली किती दवाखान्यापर्यंत पोचली, गेल्या वर्षीपेक्षा यंदा बरं की वाईट, यातलं काही त्यावरून कळत नाही.

अमळनेरात माझं मेडिकल आहे, वडिलांच्या काळापासूनचं. गांजा माझ्या काउंटरवर येत नाही. येते ती अल्प्राझोलाम या झोपेच्या गोळीची मागणी, जिला मालेगाव-धुळे पट्ट्यात पोरं कुत्ता गोळी म्हणतात. आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाची. चिठ्ठीची झेरॉक्स असते, तारीख खाडाखोड केलेली. नाहीतर आजीला झोप लागत नाही, डॉक्टर गावाला गेलेत, एकच स्ट्रिप द्या. नाही म्हटलं तर पोरगं वाद घालत नाही, गाडीला किक मारून पुढच्या दुकानाकडे जातं. पंक्चरचं सोल्युशन हुंगणारी लहान मुलं तर आमच्याकडे फिरकतही नाहीत, त्यांचा माल हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आणि मग एखादी माउली येते, दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून हळूच विचारते, "भाऊ, मना पोऱ्याले काय व्हई ऱ्हायनं?" तिला मी 14446 हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर लिहून देतो. त्यापलीकडे तिला कोणत्या दाराशी पाठवायचं, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट वाचकांना ठाऊक नसेल. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच वन, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद सक्तीची असलेल्या औषधांची यादी, लागू आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, कोडीन, ट्रामाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन, शिवाय बरीच अँटिबायोटिक्स आणि क्षयाची औषधं त्यात येतात. यांतलं काहीही विकलं की वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे सगळं लिहायचं. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. क्षयाच्या औषधांचा तपशील तर 2018 च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर आम्हाला सरकारी क्षयरोग यंत्रणेला कळवावाच लागतो. म्हणजे एका रोगापुरती आमच्या वहीची किंमत सरकारला कळलेली आहे. त्याच वहीत दोन पानं पुढे अल्प्राझोलाम आहे. ते पान तपासणीपुरतं उघडतं आणि मिटतं. गेल्या वर्षाच्या मानाने या तालुक्यात झोपेच्या गोळ्या किती वाढल्या, असा प्रश्न आजवर मला कोणी विचारलेला नाही.

हे मनात घोळत असतानाच मी युरोपातले अहवाल वाचायला लागलो. पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला, युरोपीय संघाची अमली पदार्थांवरची संस्था आहे. 1993 साली स्थापन झाली, 1995 पासून कामाला लागली, आणि जुलै 2024 पासून तिला वाढीव अधिकार आणि नवं नाव मिळालं. ती कुणाला पकडत नाही की कुणावर उपचार करत नाही. ती मोजते. प्रत्येक सदस्य देशात तिचं एक केंद्र ठरलेलं आहे आणि सगळ्यांनी त्याच पाच गोष्टी त्याच पद्धतीने मोजायच्या: सर्वसाधारण लोकांत वापर किती, गंभीर व्यसनी अंदाजे किती, उपचाराला किती आले, मृत्यू किती, आणि सुयांमुळे एचआयव्ही, काविळीसारखे रोग किती. जप्तीचे आकडेही ते गोळा करतात. पण त्यांचा अर्थ बाकीच्या आकड्यांशेजारी ठेवून लावतात.

तसं का करायचं, हे बेल्जियमच्या अँटवर्प बंदराकडे बघून समजतं. 2023 साली तिथे 116 टन कोकेन पकडलं गेलं, आजवरचा उच्चांक. पुढच्या वर्षी जप्ती निम्म्याहून खाली आली. आपल्याकडे असं झालं असतं तर व्यसनाला आळा बसल्याचा मथळा लागला असता. पण त्याच अँटवर्पच्या सांडपाण्यात कोकेनचा अंश युरोपातल्या शहरांमध्ये वरच्या क्रमांकावरच राहिला.

सांडपाण्याचा हा प्रकार मला औषधवाला म्हणून फार आवडला. 2011 मध्ये 19 शहरांनी मिळून सुरुवात केली, 2024 च्या पाहणीत शहरं 128 झाली. मार्च ते मे दरम्यानचा एक आठवडा ठरवतात, शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या पाण्याचा चोवीस तासांचा एकत्रित नमुना रोज घेतात. शरीराने कोकेन पचवल्यावर जो पदार्थ लघवीतून बाहेर पडतो तो शोधतात, म्हणजे कुणी पुडी गटारात फेकली तर हिशोब बिघडत नाही. शनिवार-रविवारी कोकेनचा आकडा चढतो हेही त्यातून दिसतं. कुणाचं नाव नाही, कुणाच्या दारावर थाप नाही. आपल्याकडे याला मर्यादा आहेत, कारण अर्धं गाव सेप्टिक टँकवर आणि उरलेलं उघड्या गटारावर. शिवाय मॉर्फिन सापडलं तर ते हेरॉइनचं की दवाखान्यात दिलेल्या इंजेक्शनचं, हे वेगळं काढणं कठीण. तरी जिथे सांडपाणी एका केंद्रात जमतं तिथे करून बघायला हरकत काय? जळगावला विद्यापीठ आहे, प्रयोगशाळा आहेत, एम.एस्सी.ची मुलं दरवर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात.

आता त्या फेरीबद्दल. मुलांना उन्हात चालवण्यापलीकडेही माझा आक्षेप आहे. शाळांतलं कोणतं काम उपयोगी पडतं, याचा पुरावा तपासून संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाने 2013 मध्ये मानकं काढली, 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह ती सुधारली. एकदाच दिलेलं भाषण, भीती घालणं, पूर्वी व्यसन केलेल्या माणसाला व्यासपीठावर बसवून त्याची कहाणी ऐकवणं, यांचा एक तर परिणाम होत नाही, किंवा उलटा होतो. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत नेमके हेच तीन आयटम असतात! उलट ऑस्ट्रिया, बेल्जियम, जर्मनी, ग्रीस, इटली, स्पेन, स्वीडन या सात देशांतल्या शाळांत 12 ते 14 वयाच्या मुलांसाठी बारा तासिकांचा एक अभ्यासक्रम घेतला, काही शाळांना तो दिला, काहींना दिला नाही, आणि दोन्हीकडची सुमारे सात हजार मुलं तपासली. ज्यांना तो शिकवला त्यांच्यात दारू पिऊन झिंगण्याचं प्रमाण कमी निघालं.

त्या तासिकांमध्ये एक गोष्ट अशी शिकवतात: मुलांना वाटतं की आपल्या वयाचे सगळेच करतात. मग त्यांना खरा आकडा दाखवायचा. युरोपात 1995 पासून दर चार वर्षांनी 15-16 वर्षांच्या विद्यार्थ्यांची निनावी पाहणी होते. 2019 साली 35 देशांतली सुमारे एक लाख मुलं त्यात होती, आणि आयुष्यात एकदा तरी बेकायदा अमली पदार्थ घेतल्याचं सांगणारी निघाली 17 टक्के. म्हणजे सहापैकी पाच जणांनी कधीच नाही. हा आकडा पोराच्या हातात दिला की "सगळेच करतात" हे त्याच्या मनातून निघतं. आणि आपण काय करतो? तरुणाई नशेच्या विळख्यात, अशी घोषणा त्याच्याच तोंडून वदवून घेतो. अमळनेरच्या नववीतली किती मुलं खरोखर या वाटेला गेली, ते आपण मोजलेलंच नाही, मग त्यांना सांगणार तरी काय?

आइसलँडचं उदाहरण नेहमी दिलं जातं, जरा जपून दिलं पाहिजे. तिथे 1998 मध्ये 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के जण मागच्या महिनाभरात एकदा तरी दारूने झिंगले होते. 2016 मध्ये 5 टक्के. रोज सिगारेट ओढणारे 23 वरून 3 टक्क्यांवर आले. या काळात इतर देशांतही काही प्रमाणात घट झाली, त्यामुळे सगळं श्रेय एकाच योजनेला देणं मला पटत नाही. पण त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. शाळांत नियमाने निनावी पाहणी, निकाल काही आठवड्यांत त्या-त्या गावाला आणि शाळेला परत, पालकांची बैठक, मुलांना खेळ-संगीताच्या वर्गासाठी नगरपालिकेकडून पैसे, हिवाळ्यात रात्री दहानंतर मोठी मुलंही एकटी बाहेर नाहीत. तो अख्खा देश लोकसंख्येने साधारण आपल्या धुळे शहराएवढा. मोठ्या देशात जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं, एका धुळ्यात तर करून बघा.

उपचाराचं थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने माणसं मरत होती. 1996 पासून साध्या गल्लीतल्या डॉक्टरलाही ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे हेरॉइनऐवजी द्यायचं उपचाराचं औषध, लिहून देता येऊ लागलं, आणि गोळ्या आमच्यासारख्या औषध दुकानातून मिळू लागल्या. काहींनी त्या विरघळवून टोचूनही घेतल्या, हे लपवायचं कारण नाही. पण चार-पाच वर्षांत अतिसेवनाचे मृत्यू तीन चतुर्थांशांहून जास्त घटले. पोर्तुगालने जुलै 2001 पासून दहा दिवसांच्या वापराइतका माल जवळ असणं हा फौजदारी गुन्हा ठेवला नाही. असा माणूस कोर्टाऐवजी तिघांच्या एका समितीपुढे जातो, तिथे कायद्याचे, आरोग्याचे, समाजकार्याचे जाणकार असतात. विकणारा मात्र तुरुंगातच जातो. आपण लगेच तसं करावं असं मी म्हणत नाही. आपल्या 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातच 64 ए हे कलम आहे: केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. किती आईबापांना हे माहीत आहे? एम्सच्या 2019 मधल्या राष्ट्रीय अहवालाप्रमाणे दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता. त्याच अहवालात एकच नशा अशी आहे, जी मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघाली, ती हुंगण्याची: 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के, मोठ्यांत 0.58. हे अंदाज राज्यांपर्यंतचे आहेत, जिल्ह्याला त्यातून काही हाती लागत नाही.

तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. सरकारी आणि खासगी व्यसनमुक्ती केंद्रांत नव्याने येणाऱ्याची चार वाक्यांची नोंद ठेवा, नावाशिवाय: वय, कोणता पदार्थ, पहिल्यांदा घेतला तेव्हाचं वय, याआधी उपचार झाला का. युरोपात उपचाराचा आकडा अशाच नोंदीतून बनतो. आठवी ते दहावीची एक निनावी पाहणी करा, दर दोन वर्षांनी, शिक्षकांनी वर्गाबाहेर थांबून. आणि मेडिकलवाल्यांकडून शेड्यूल एच वनच्या पानांची तालुकावार बेरीज मागवा. मोजायला लागलं की पहिल्या वर्षी आकडे वाढलेले दिसतील, आणि कुठल्या तरी साहेबाला ते आवडणार नाही. त्या वेळी आपल्या दैनिकाने मोजणाऱ्यांच्या मागे उभं राहावं, एवढी आपल्याकडे विनंती.

बेरीज माझ्याकडे तयार आहे, पेशंटची नावं वगळून, महिन्यागणिक. ती कोणत्या टेबलावर नेऊन द्यायची तेवढं कळवावं. धंद्यातल्या माणसांशी रोजची गाठ असल्यामुळे नाव छापू नये.

आपला,
एक औषधविक्रेता, अमळनेर, जि. जळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे)